वरच्या दाढा मागे सरकवताना: उपकरणाची निवड, कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

वरच्या पहिल्या दाढा मागे न्यायच्या ठरल्या की चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर अडते. पेंड्युलम घ्यावं, डिस्टल जेट घ्यावं (दोन्ही टाळूवर टेकणारी उपकरणं) की सरळ मिनीस्क्रू (हाडात बसवायचा छोटा स्क्रू)? केस बिघडते ती मात्र या प्रश्नाच्या आधी किंवा नंतर. आधी बिघडते कारण दाढ मागे नेण्याची गरजच नसते, किंवा मागे जागाच नसते. नंतर बिघडते कारण महत्प्रयासाने मागे नेलेली दाढ चार महिन्यांत गुपचूप पुढे येऊन बसते. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. हा लेख ऑर्थोडाँटिक्स शिकणाऱ्यांसाठी आणि नव्याने प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी आहे, आणि रुग्ण ११ ते १५ वर्षांचा आहे असं यात धरलं आहे.

टप्पा १: आधी मिलिमीटरचा हिशेब

मॉडेल किंवा स्कॅन समोर ठेवा आणि प्रत्येक बाजूला दाढ किती मागे जायला हवी ते आकड्यात लिहा. "थोडी मागे" असं लिहून चालत नाही. दाढांचं नातं अर्ध्या कस्पने (कस्प म्हणजे दाढेच्या माथ्यावरचा उंचवटा) क्लास टू असेल, म्हणजे वरची दाढ खालचीच्या मानाने पुढे असेल, म्हणजे साधारण ३ ते ४ मिमी, तर हा मार्ग योग्य आहे. दुधाची दुसरी दाढ लवकर पडल्यामुळे कायमची दाढ पुढे सरकली असेल, त्यामुळे सुळ्याला जागा उरली नसेल, किंवा दोष एकाच बाजूला असेल, तर या केसेस उत्तम. पूर्ण कस्पची तफावत असेल, म्हणजे ७ मिमीच्या आसपास, तर फक्त वरची दाढ मागे ढकलून ती भरून काढायचा हट्ट धरू नका. त्यातही दोष खालच्या जबड्याच्या अपुऱ्या वाढीचा असेल आणि मूल वाढीच्या भरात असेल, तर फंक्शनल अप्लायन्सचा (खालचा जबडा पुढे धरून वाढीला दिशा देणाऱ्या उपकरणाचा) विचार आधी व्हायला हवा. वरची दाढ मागे नेली म्हणून हनुवटी पुढे येत नाही.

दाढ फिरलेली आहे का, हे याच टप्प्यावर पाहा. वरच्या पहिल्या दाढेच्या मागच्या-गालाकडच्या कस्पपासून पुढच्या-टाळूकडच्या कस्पपर्यंत रेघ काढा आणि ती पुढे वाढवा. दाढ नीट असेल तर ही रेघ विरुद्ध बाजूच्या सुळ्याच्या मागच्या भागातून जाते. ती उपदाढांवर पडत असेल, तर दाढ टाळूकडच्या मुळाभोवती आत फिरलेली आहे. अशी दाढ साध्या ट्रान्सपॅलेटल आर्चने (दोन्ही बाजूंच्या दाढा टाळूवरून जोडणाऱ्या तारेने) जागेवर फिरवली तरी बाजूला १ ते २ मिमी जागा मिळते. ३ मिमीची गरज कधी कधी इथेच निम्मी होते. पेंड्युलम बसवून झाल्यावर ही गोष्ट लक्षात आली तर हळहळ वाटते, म्हणून आधीच पाहा.

टप्पा २: एक्स-रेवर "नाही" म्हणण्याची कारणं शोधा

ओपीजी (सगळ्या दातांचा एक्स-रे) आणि लॅटरल सेफॅलोग्राम (डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे) पाहताना केस करण्याची कारणं नंतर शोधा, न करण्याची आधी.

मागे जागा आहे का? सेफॅलोग्रामवर टेरिगॉइड व्हर्टिकलपासून (वरच्या जबड्यामागच्या उभ्या संदर्भरेषेपासून) पहिल्या दाढेच्या मागच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मोजा. वाढत्या वयात ते साधारण वय अधिक ३ मिमी असतं. १२ व्या वर्षी सुमारे १५ मिमी. तुमचा आकडा याच्या बराच खाली असेल तर दुसरी आणि तिसरी दाढ आधीच दाटीवाटीने उभ्या आहेत. पहिलीला मागे रेटलं तर दुसरी अडकण्याची शक्यता वाढते.

उभा चेहरा, तिरकस खालचा जबडा किंवा समोर ओपन बाइट (तोंड मिटल्यावरही समोरचे दात एकमेकांना न मिळणं) आहे का? दाढ मागे जाते तेव्हा ती पाचरीसारखी काम करते, खालचा जबडा खाली-मागे उघडतो. आखूड चेहऱ्याच्या, डीप बाइट (वरचे समोरचे दात खालच्यांना जास्त झाकणं) असलेल्या मुलाला ते मानवतं. उभ्या चेहऱ्याच्या मुलाचा ओपन बाइट त्याने वाढतो.

समोरचे दात आधीच पुढे झुकलेले आहेत का? तोंडात आधार घेणाऱ्या जवळपास सगळ्या उपकरणांत ते आणखी पुढे जातात.

*तपासणी:* हाताशी चार गोष्टी लिहिलेल्या असायला हव्यात: प्रत्येक बाजूची गरज मिमीमध्ये, आजचा ओव्हरजेट (वरचे समोरचे दात खालच्यांपेक्षा किती पुढे), आजचा ओव्हरबाइट (ते खालच्यांना किती झाकतात) आणि दुसऱ्या-तिसऱ्या दाढेची स्थिती. यातलं काही कोरं असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: वेळ

दुसरी दाढ उगवायच्या आधी काम सुरू केलं तर मागे एक अडसर कमी असतो, त्यामुळे पहिली दाढ लवकर सरकते. पण हाडात असलेलं दुसऱ्या दाढेचं बीज पहिलीच्या मुळांमागे टेकूसारखं बसतं आणि पहिली दाढ मागे सरकण्याऐवजी मागे कलते. दुसरी दाढ उगवल्यानंतर सुरू केलं तर कल कमी असतो, पण दोन दाढा ढकलाव्या लागतात. वेळ आणि आधारावरचा ताण दोन्ही वाढतात. दुसऱ्या दाढेचा परिणाम नेमका किती, याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. व्यवहारात नियम असा: दुसरी दाढ अजून हाडात आहे आणि उपकरण क्राउनवर (दाताच्या हिरडीबाहेरच्या भागावर) ढकलणारं आहे, तर कल येणार असं धरूनच योजना करा.

टप्पा ४: उपकरणांची तुलना

प्रत्येक उपकरणाला दोन प्रश्न विचारा. दाढेला मागे ढकलताना उलट दिशेचा जोर कुणाच्या अंगावर पडतो? आणि ढकलण्याची रेषा दाढेच्या मुळांच्या फाट्याजवळून जाते की क्राउनवरून? वरच्या दाढेचं सेंटर ऑफ रेझिस्टन्स (हलण्याला होणाऱ्या प्रतिकाराचा मध्य) त्या फाट्याजवळ असतं. रेषा त्याच्या जितकी जवळ, तितका कल कमी. बाकी सगळा तपशील या दोन उत्तरांतून निघतो.

हेडगिअर. तोंडाबाहेरच्या पट्ट्याने दाढ मागे ओढणारं उपकरण. उलटा जोर मानेवर किंवा डोक्यावर पडतो, दातांवर काहीच नाही, म्हणून समोरचे दात पुढे जाण्याचा प्रश्न येत नाही. जोर बाजूला सुमारे ३५० ते ५०० ग्रॅम, रोज १२ ते १४ तास. मानेवरचा पट्टा दाढ खाली ओढतो. उभ्या चेहऱ्यात तो टाळा आणि हाय-पुल (डोक्यावरून ओढणारा पट्टा) घ्या. बाहेरची दांडी सेंटर ऑफ रेझिस्टन्सच्या वर ठेवली की मूळ मागे जातं, खाली ठेवली की क्राउन मागे कलतं. अडचण एकच आणि ती मोठी: मुलं वापरत नाहीत. वेळेची नोंदवही मागा, पण तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. पट्ट्याला आणि बाहेरच्या दांडीला हाताने हलवून पाहा. रोज वापरलेलं हेडगिअर सहज निघतं आणि बसतं, आणि मूल ते आरशाशिवाय लावतं.

> खबरदारी: फेसबो (हेडगिअरची दाढांत अडकवायची दांडी) तोंडातून निसटून परत उसळला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. ओढ बसताच सुटणारं सेफ्टी मॉड्यूल आणि लॉक होणारा फेसबो, दोन्ही वापरा. काढताना आधी पट्टा, मग फेसबो, हा क्रम मुलाकडून समोर करून घ्या. खेळताना घालायचं नाही.

पेंड्युलम. टाळूवर ॲक्रिलिकचं नॅन्स बटण, त्यातून निघणाऱ्या ०.०३२ इंच टीएमए (लवचीक टायटॅनियम मिश्रधातू) तारेच्या दोन स्प्रिंगा, आणि पहिल्या उपदाढांवर किंवा दुधाच्या दाढांवर टेकलेले रेस्ट. मुलाच्या सहकार्याची गरज नाही, बनवायला सोपं, आणि दाढ भराभर हलते. या वेगानेच फसायला होतं. जोर क्राउनवर लागतो, त्यामुळे कल येतो; आणि स्प्रिंगचं टोक कमानीत फिरतं, त्यामुळे दाढ मागे जाताना टाळूकडेही येते आणि क्रॉसबाइट होतो, म्हणजे वरची दाढ खालचीच्या आत चावते. उलटा जोर बटण आणि उपदाढांवर, म्हणजे शेवटी समोरच्या दातांवर. उघडलेल्या जागेतला साधारण पाव ते तिसरा हिस्सा उपदाढा पुढे गेल्यामुळे झालेला असतो.

डिस्टल जेट. तेच नॅन्स बटण, पण टाळूच्या बाजूने नळी, तिच्यावर निकेल-टायटॅनियमची कॉइल आणि मागे ढकलणारा कॉलर. जोराची रेषा क्राउनपेक्षा वर, सेंटर ऑफ रेझिस्टन्सच्या जवळ. त्यामुळे दाढ पेंड्युलमच्या मानाने सरळ राहते. दाढ सरळ सरकते म्हणून तिचा प्रतिकारही जास्त, आणि तो भार पुढच्या आधारावर येतो. "कल नाही म्हणजे सगळंच चांगलं" असा समज इथे नको; ओव्हरजेट वाढला का ते बघा. त्याची खरी सोय नंतर कळते: काम झाल्यावर कॉइल काढून, नळ्या बंद करून, उपदाढांचे हात कापून तेच उपकरण धरून ठेवणारं नॅन्स बनतं.

जोन्स जिग. गालाच्या बाजूने कॉइल, जोर ७० ते ७५ ग्रॅम, दुसऱ्या उपदाढांशी जोडलेलं नॅन्स बटण. बसवायला आटोपशीर आणि एका बाजूच्या केसला सोयीचं. पण गालाच्या बाजूने ढकलल्यामुळे कलाबरोबर दाढ फिरतेही.

कॅरिअर मोशन. सुळ्यापासून दाढेपर्यंत एक कडक दांडी आणि खालच्या दाढेपासून इलॅस्टिक. ही दांडी मागचा सगळा गट एकत्र मागे ओढते, नॅन्स बटण लागत नाही. उलटा जोर खालच्या दातांवर पडतो. खालचे समोरचे दात आधीच पुढे झुकलेले असतील तर हे उपकरण नको. खाली लिंग्वल आर्च (दातांच्या आतल्या बाजूने जाणारी तार) किंवा पूर्ण कमानीचा रिटेनर न देता सुरू करणं ही हमखास चूक. इलॅस्टिक जेवण आणि ब्रश सोडून सतत. मुलाने रात्रीच घातलं तर काहीच होत नाही.

अलाइनर. काढता-घालता येणारे पारदर्शक साचे. २ ते २.५ मिमीपर्यंत विश्वासार्ह. आधी दुसरी दाढ, ती निम्मी गेली की पहिली, मग उपदाढा, असं ओळीने. म्हणून वेळ लागतो. रोज २२ तास आणि बहुतेक वेळा क्लास टू इलॅस्टिक (वरच्या पुढच्या भागापासून खालच्या दाढेपर्यंतचं रबर). दाढेच्या क्राउनची उंची कमी असेल, म्हणजे ती अर्धवट उगवलेली असेल, तर पकड मिळत नाही.

टाळूतले मिनीस्क्रू. उलटा जोर हाडावर. उपदाढा पुढे जात नाहीत, उलट हिरडीतल्या तंतूंच्या ओढीने त्या आपोआप मागे येऊ लागतात. ज्यांचा ओव्हरजेट वाढून चालणार नाही त्यांच्यासाठी हीच निवड. स्लायडर पद्धतीत (स्क्रूंना जोडलेल्या दांडीवरून दाढ मागे सरकवण्याच्या) दुसरी दाढ उगवली नसेल तर बाजूला २४० ग्रॅमची कॉइल आणि उगवली असेल तर ५०० ग्रॅमची, असा प्रचलित हिशेब आहे. किशोरवयात टाळूची मधली शिवण अजून वाढत असते, म्हणून स्क्रू शिवणीवर लावू नका. तिसऱ्या रुगीच्या (टाळूवरच्या आडव्या वळीच्या) मागे, शिवणीच्या दोन्ही अंगांना लावा. गालाच्या बाजूला दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्या मुळांमध्ये स्क्रू लावून दाढा मागे न्यायला निघालात तर दातांची मुळं थोड्याच दिवसांत स्क्रूवर येऊन अडतात.

आमचं मत विचाराल तर: गरज ३ मिमीपर्यंत, डीप बाइट आणि समोरचे दात सरळ असतील तर पेंड्युलम किंवा डिस्टल जेट पुरेसं. ओव्हरजेट आधीच वाढलेला असेल तर थेट स्क्रू. सहकार्याची खात्री असेल आणि वाढ बाकी असेल तर हेडगिअर अजूनही बाद झालेलं नाही.

टप्पा ५: बनवणं

पुढचा तपशील पेंड्युलम आणि डिस्टल जेटचा, कारण चुका तिथेच जास्त होतात.

१. सेपरेटर (दातांमध्ये फट पाडणारी रबरं) घाला, ५ ते ७ दिवस ठेवा. दुसऱ्याच दिवशी बँड दाबून बसवू नका. बँड अर्धवट बसतो आणि मॉडेलवर सगळंच चुकतं.

२. बँड पूर्ण बसवा, टाळूच्या बाजूच्या लिंग्वल शीथची (स्प्रिंगचं टोक बसणाऱ्या नळीची) दिशा तपासा, मग बँडसह इम्प्रेशन घ्या. बँड इम्प्रेशनमध्ये हलले तर ओतण्याआधी चिकट मेणाने पक्के करा.

३. आधार म्हणून दुधाच्या दाढा घेत असाल तर त्यांची मुळं ओपीजीवर पाहा. मुळं निम्म्याहून जास्त विरघळली असतील तर तो आधार नव्हे.

४. लॅबला लेखी सांगा: नॅन्स बटण मोठं हवं, पण कड दातांपासून सुमारे ५ मिमी दूर. लहान बटण टाळूत रुततं. दातांच्या फार जवळचं बटण हिरडी सुजवतं. कडा गोल आणि चकचकीत.

५. पेंड्युलमच्या स्प्रिंगमध्ये ॲडजस्टमेंट लूप आहे ना, हे उपकरण हातात आल्यावर पाहा. लूप नसेल तर क्रॉसबाइट सुधारायला काही उरत नाही, परत पाठवा.

टप्पा ६: बसवण्याचा दिवस

सिमेंटशिवाय एकदा बसवून पाहा. बटणाखाली टाळू सर्वत्र पांढरा पडत असेल तर ॲक्रिलिक खरवडा. पेंड्युलमच्या स्प्रिंगा तोंडाबाहेर असतानाच सक्रिय करा: सोडल्यावर त्या टाळूच्या मध्यरेषेशी साधारण समांतर उभ्या राहाव्यात. शीथमध्ये घालताना त्यातला काही भाग कमी होतो आणि सुमारे ६० अंशांचा ताण उरतो. आधी दाढांचे बँड ग्लास आयनोमरने बसवा, मग बटण आणि उपदाढांचा भाग, आणि सिमेंट घट्ट झाल्यावरच स्प्रिंगा शीथमध्ये घाला. ओलसर सिमेंटवर जोर दिला की दोन आठवड्यांत बँड सुटतो.

डिस्टल जेट एकसंध असल्याने सगळं एकदम बसतं. कॉलर मागे सरकवून स्क्रू घट्ट करा तोही सिमेंट सेट झाल्यावरच.

वरच्या समोरच्या दातांवर त्या दिवशी ब्रॅकेट लावण्याची घाई नको. दात ओळीत येताना पुढे झुकतात, आणि मग पुढे सरकलेपण कुणामुळे झालं ते कळत नाही.

*घरी द्यायची लेखी सूचना:* प्रत्येक जेवणानंतर बटणाच्या कडेने पाण्याची पिचकारी. चिकट पदार्थ बंद. बटण सैल झालं किंवा एका बाजूची स्प्रिंग निसटून टोचू लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन.

टप्पा ७: दर चार आठवड्यांची मोजणी

सर्वांत मोठी चूक इथे. दाढ आणि उपदाढ यांमध्ये ६ मिमी जागा दिसली की "६ मिमी मिळाले" असं लिहिलं जातं. या काळात ओव्हरजेट १.५ मिमीने वाढला असेल आणि सुळा खालच्या सुळ्याच्या तुलनेत तेवढाच पुढे गेला असेल, तर दाढ मागे गेली सुमारे ४.५ मिमी. उरलेलं दीड मिमी तुम्हाला परत फेडायचं आहे. म्हणून प्रत्येक भेटीत उघडलेली जागा, ओव्हरजेट, सुळ्यांचं नातं आणि ओव्हरबाइट, चारही लिहा. स्कॅन असेल तर तिसऱ्या रुगीचं आतलं टोक स्थिर खूण म्हणून धरा.

वेग साधारण महिन्याला १ मिमी धरा, आणि एकूण ४ ते ७ महिने. दोन महिने काहीच हललं नाही तर जोर वाढवण्याआधी तीन गोष्टी पाहा: स्प्रिंग शीथमध्ये पूर्ण आहे का, डिस्टल जेटचा कॉलर घसरला का, आणि दाढेचा कस्प खालच्या दाढेत अडकला आहे का. तिसरं असेल तर थोडा बाइट वर उचलला की काम सुरू होतं.

दाढ टाळूकडे येऊ लागली तर लूप उघडा, त्याच महिन्यात; दात उलटा चावायला लागेपर्यंत थांबू नका. दाढेची पुढची कड मागच्या कडेपेक्षा खाली लोंबताना दिसली तर कल वाढला आहे. नातं क्लास वन, म्हणजे योग्य, झाल्यावर स्प्रिंगच्या टोकाला १० ते १५ अंशांचा अपराइटिंग बेंड (दाढ सरळ उभी करणारा बाक) द्या. त्याने वेळ वाढतो, पण मूळ मागे येतं. कललेली दाढ म्हणजे मिळालेली जागा असं समजू नका. सरळ होताना क्राउन पुढे येतं आणि जागा निम्मी होते.

> खबरदारी: ओव्हरजेट २ मिमीहून जास्त वाढला तर जोर थांबवा. पुढे ढकलत राहिलात तर मिळवताय त्यापेक्षा जास्त घालवाल.

टप्पा ८: थांबवा आणि त्याच दिवशी धरा

क्लास वनवर थांबू नका. १ ते २ मिमी जास्त मागे न्या, कारण पुढे तेवढं जाणारच आहे. ज्या भेटीत स्प्रिंगा काढता त्याच भेटीत नॅन्स किंवा डिस्टल जेटचं रूपांतर झालं पाहिजे. "पुढच्या आठवड्यात लॅबमधून येईल" म्हणून एक आठवडा मोकळा ठेवलेली दाढ त्या आठवड्यातही पुढे येते. ताजी सरकलेली दाढ सैल असते. नॅन्स आधीच तयार करून ठेवा. मिनीस्क्रूच्या केसमध्ये स्लायडर लॉक केला की झालं. तेच स्क्रू पुढचं कामही करतात.

यानंतर ३ ते ४ महिने काही ओढू नका. उपदाढांचे रेस्ट कापून मोकळे करा. दुसरी उपदाढ, मग पहिली, तंतूंच्या ओढीने मागे येतात. या काळात रुग्ण विचारतो, "काहीच करत नाही का?" त्याला जागा कशी बदलतेय ते फोटोत दाखवा.

टप्पा ९: बाकीचे दात मागे आणणं

आता मागे ढकललेली दाढच बाकी सगळ्यांना ओढणार आहे. नॅन्स असतानाही तिच्यावर पूर्ण भार टाकू नका. क्रम: दुसऱ्या उपदाढा, पहिल्या उपदाढा, सुळे, आणि शेवटी समोरचे चार दात. सगळे एकदम ओढले तर दाढ पुढे येते, नॅन्सखाली टाळू सुजतो, आणि बटण आत रुतत चाललंय हे त्याचं पहिलं लक्षण असतं. दाढेच्या ट्यूबसमोर टेकणारा स्टॉप असलेली आर्चवायर घ्या, आणि सुळे मागे जाईपर्यंत रात्री क्लास टू इलॅस्टिक द्या, उभ्या चेहऱ्याचं मूल नसेल तर. प्रत्येक भेटीत बटणाची कड उचलून पाहण्यासारखी आहे का ते बघा. कड दिसेनाशी झाली तर ओढ तिथेच थांबवा, नॅन्स काढून टाळू बरा होऊ द्या आणि दाढेला दुसरा आधार दिल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.